बायपासनंतर फुप्फुसं कशी सांभाळायची: ऑपरेशनच्या आधीपासून बागेत परत जाईपर्यंत

"ताई, रोज फुंकतोय, पण चेंडू काही वर जाईनात." निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका बायपासच्या चौथ्या दिवशी मला सांगत होते. हातात श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, गाल फुगलेले, जोर लावून चेहरा लाल झालेला. त्या यंत्रात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. हे त्यांना कोणी नीट दाखवलं नव्हतं, किंवा दाखवलं तेव्हा ते भुलीच्या गुंगीत होते. एव्हाना डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटला होता आणि लावलेला ऑक्सिजन काढता येत नव्हता. घरचे मात्र मॉनिटरवर हृदयाची रेघ व्यवस्थित दिसतेय म्हणून निश्चिंत होते.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांना श्वासाचे व्यायाम शिकवणं, त्यांना चालतं करणं हे माझं रोजचं काम. बायपास म्हटलं की सगळं घर हृदयाकडे डोळे लावून बसतं. हृदयाचं काम सर्जनने केलेलं असतं. फुप्फुसांचं काम मात्र रुग्णाने आणि घरच्यांनी करायचं असतं, आणि तेच राहून जातं. पुढे जे लिहिलंय ते सर्वसाधारण रुग्णासाठी आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

हृदयाच्या ऑपरेशनात फुप्फुसांना त्रास का होतो

छातीचं मधलं हाड उभं कापून छाती उघडतात आणि शेवटी ते हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. ऑपरेशन पंपावर असेल, तर रक्त फिरवण्याचं आणि त्यात प्राणवायू मिसळण्याचं काम काही वेळ हार्ट-लंग मशीन करतं. जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फियात हे यंत्र माणसाच्या हृदयशस्त्रक्रियेत पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. त्याच्यामुळे थांबलेल्या हृदयावर काम करता येऊ लागलं, पण तेवढा वेळ फुप्फुसांत हवा खेळत नाही. ती हवा गेलेल्या फुग्यासारखी पडून राहतात. रक्त परक्या नळ्यांमधून फिरल्यामुळे शरीरात सुजेची प्रतिक्रियाही उठते. आपल्याकडे पुष्कळ बायपास पंपाशिवाय, धडधडत्या हृदयावर होतात. तिथे यंत्राचा त्रास टळतो. भूल, व्हेंटिलेटर आणि उघडलेली छाती मात्र टळत नाही.

आता डाव्या बाजूचं. हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करण्यासाठी पायातली शीर घेतात, आणि बहुतेक वेळा छातीच्या भिंतीला आतून चिकटून उतरणारी डावी धमनीही वापरतात. ही धमनी पायातल्या शिरेपेक्षा जास्त वर्षं टिकते, म्हणून सर्जन तिला पहिली पसंती देतात. ती सोडवताना डाव्या फुप्फुसाभोवतालचं आवरण बरेचदा उघडतं. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याची नसही हृदयाच्या अगदी शेजारून जाते. त्यामुळे बायपासनंतर कफ साचणं, पाणी होणं, फुप्फुस मिटणं हे सगळं डावीकडे जास्त दिसतं. एक्स-रे बघून डॉक्टर "डाव्या बाजूला थोडं आहे" म्हणाले, तर घाबरून जाऊ नका. ते थोडंसं असणं बहुतेकांत असतंच.

आणि शेवटी दुखणं. छाती दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, हलत नाही. शस्त्रक्रियेने सुरू केलेला त्रास ही तीन कारणं वाढवत नेतात, आणि ती तिन्ही आपल्या हातातली आहेत.

डॉक्टरांचे शब्द समजून घ्या

"फुप्फुस कोलॅप्स झालंय" हे ऐकून घरात रडारड होते. बायपासनंतर बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की फुप्फुसाचा खालचा काही भाग हवेअभावी मिटलाय. हा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे आणि खोल श्वास, खोकला, चालणं यांनी तो उघडतो. याच नावाने कधी दुसरीच गोष्ट सांगितली जाते: फुप्फुसाबाहेर हवा साचून ते दबणं. त्यासाठी छातीत नळी घालावी लागू शकते. यातलं नेमकं कोणतं आहे, हे थेट विचारा.

"पाणी झालंय" याचेही दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत झाली की फार गोंधळ होतो. पहिलं पाणी फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साचतं. हे बायपासनंतर अगदी नेहमीचं. थोडं असेल तर काही आठवड्यांत आपोआप जिरतं, जास्त असेल तर सुईने किंवा नळीने काढतात. दुसरं पाणी फुप्फुसाच्या आत, हवेच्या पिशव्यांमध्ये उतरतं. हृदयाला रक्त पुढे ढकलणं झेपत नसेल किंवा शरीरात पाणी जास्त झालं असेल तर ते होतं, आणि त्याला तातडीने औषध लागतं. "डॉक्टर, पाणी आतलं की बाहेरचं?" एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

न्यूमोनिया म्हणजे संसर्ग. व्हेंटिलेटर जितका लांबतो तितका त्याचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणारे, जुना दमा असलेले, साखर ताब्यात नसलेले आणि वयस्कर यांना जास्त जपावं लागतं. काही जणांत पडद्याची नस दुखावते. आडवं झालं की दम लागतो, बसलं की बरं वाटतं. नस सावरायला महिने लागतात, पण बहुतेकांची सावरते. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकणं कमी वेळा घडतं, पण ते जिवावर बेततं. त्याबद्दल पुढे येईलच.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर

इमर्जन्सी नसेल तर हाती काही दिवस असतात. ते रक्ततपासण्या आणि कागदपत्रांत संपतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन करायचं असेल, तर मंजुरीची धावपळ घरातल्या एकाने, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून करावी. रुग्णाने तोवर श्वासाचा सराव करावा. ठरवून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेआधी श्वास आत ओढण्याच्या स्नायूंना व्यायाम दिला, तर नंतर न्यूमोनिया आणि फुप्फुस मिटणं कमी होतं, हे संशोधनात दिसलेलं आहे. स्पायरोमीटर आधीच विकत घ्या. शुद्धीत आणि न दुखणाऱ्या छातीने शिकलेली गोष्ट ऑपरेशननंतर लक्षात राहते.

विडी, सिगारेट आजपासून बंद. चार ते आठ आठवडे आधी सोडलेली असेल तर उत्तम, पण ऑपरेशन परवावर आलं असेल तरी सोडाच. रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. मिश्री आणि तंबाखूबद्दलही डॉक्टरांना खरं सांगा. सुना-मुलांसमोर सांगायला संकोच वाटत असेल, तर एकट्याने बोलायचं आहे असं म्हणा.

दात आणि हिरड्या तपासून घ्या. तोंडातले जंतू व्हेंटिलेटरच्या नळीवाटे फुप्फुसात उतरतात. दम्याचा पंप चालू असेल तर तो दवाखान्यात बरोबर न्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. खोकला-ताप असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल.

पहिले दोन-तीन दिवस: बसणं हेच औषध

व्हेंटिलेटर निघाला की शक्य तितक्या लवकर रुग्णाला उठवून बसवतात. बऱ्याच जणांना दुसऱ्याच दिवशी खुर्चीत. घरचे काचेतून बघून म्हणतात, "अहो, काल तर छाती उघडली होती, आज कसे बसवता?" आडवं पडल्यावर पोट पडद्याला वर ढकलतं आणि फुप्फुसाचा खालचा भाग दबतो. बसलं की पडदा खाली सरकतो, हवा तळापर्यंत पोचते.

वेदनाशामक मागून घ्या. सोसणं हा मोठेपणा समजणारी पिढी आपल्याकडे आहे आणि तिला यात फार नुकसान होतं. दुखणं दाबलेलं असेल तरच खोल श्वास घेता येतो, मोकळं खोकता येतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम करायचा, असं वेळापत्रक बांधा.

पहिला घोट आणि पहिला घास पूर्ण ताठ बसूनच, परिचारिका हो म्हणाल्यावर. घशात नळी असल्याने गिळणं काही काळ मंद असतं. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज फारच बसला असेल, तर लगेच सांगा. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

खोकायचं कसं

बायपासच्या रुग्णाला सगळ्यात मोठी भीती असते ती टाके उसवण्याची. "ताई, खोकलो आन् टाका उसवला तर?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. हाड तारांनी आवळून बांधलेलं असतं. नीट आधार देऊन खोकलं तर ते सुटत नाही. आतच राहिलेला कफ त्याहून किती तरी घातक आहे.

१. खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला बसा, पावलं जमिनीला टेकलेली. किंचित पुढे झुका.

२. घडी केलेला जाड टॉवेल किंवा छोटी उशी छातीच्या मधोमध धरा आणि दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी घट्ट दाबा. दवाखान्याने छातीचा पट्टा दिला असेल तरी खोकताना उशी घ्याच. पट्टा इतका आवळू नका की श्वासच भरता येणार नाही.

३. नाकाने सावकाश तीन-चार खोल श्वास. बरगड्या बाजूला फुलल्या पाहिजेत. प्रत्येक श्वास वर दोन-तीन सेकंद रोखा.

४. आता थेट खोकू नका. आधी आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून "हाऽ" करत हवा जोरात बाहेर टाका. असं दोनदा. यात दुखतं कमी आणि कफ वर सरकतो.

५. कफ घशाशी आला की उशी दाबून एक-दोनदा नीट खोका. बेडका गिळू नका, थुंका आणि रंग बघा. सुरुवातीला थोडा तपकिरी, रक्ताच्या रेषा असलेला कफ घशातल्या नळीमुळे येऊ शकतो. हिरवा, दाट, वास येणारा किंवा ताजं लाल रक्त असलेला कफ डॉक्टरांना दाखवा.

हे दिवसातून चार-पाच वेळा. बायकांसाठी एक गोष्ट, जी वॉर्डात कोणी बोलत नाही: स्तनांच्या वजनाने जखमेवर ताण येतो आणि खोल श्वास घ्यावासा वाटत नाही. पुढून बंद होणारी, मऊ, आधार देणारी ब्रा परिचारिकेला विचारून लवकर सुरू करा. काकूंना संकोच वाटतो, तर लेकीने किंवा सुनेने विचारावं.

चेंडूंचं यंत्र

यंत्र सरळ उभं धरा. आधी श्वास सहज बाहेर सोडा, मग नळी ओठांत घट्ट धरून सरबत ओढल्यासारखी हवा आत ओढा. तीन चेंडूंच्या यंत्रांवर साधारणपणे ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ती हवा ओढण्याची गती आहे. तिन्ही चेंडू झटक्यात वर फेकणं म्हणजे चांगलं, असा समज आहे. नातवंडं तर शर्यत लावतात. सुरुवातीला एकच चेंडू वर नेऊन तो दोन-तीन सेकंद तिथे टिकवणं जास्त कामाचं. संथ, लांब श्वासच फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. मग नळी काढून हळूच सोडा.

जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये दोन-चार साधे श्वास घेत. चक्कर आली तर थांबा. नळी रोज धुवा आणि यंत्र दुसऱ्या कोणाला देऊ नका. मात्र नुसत्या यंत्रावर विसंबू नका. यंत्राशिवाय घेतलेले खोल श्वास आणि चालणं यांपेक्षा ते सरस आहे, असं काही सिद्ध झालेलं नाही. चेंडू दिसतो म्हणून माणूस आठवणीने करतो, हा त्याचा खरा फायदा. दिवसभर चेंडू उडवून पलंगावरून न उठणाऱ्यापेक्षा, यंत्र विसरून चार वेळा व्हरांडा फिरून येणारा मला जास्त आवडतो.

घरी येताना आणि आल्यावर

नाशिकमध्येच ऑपरेशन झालं असेल तर प्रश्न नाही. पण पुष्कळ जण मुंबईहून कसारा घाट चढून परत येतात. सुरगाणा, पेठ, मालेगावकडचे रुग्ण नाशिकहून पुढे आणखी प्रवास करतात. तासाभराने गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. गाडीत पावलं वर-खाली हलवत राहा. ज्या पायातून शीर काढली तो पाय काही आठवडे थोडा सुजतो आणि बसल्या जागी तो खाली लोंबकळत ठेवला की जास्तच सुजतो. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा. बेल्ट टाळू नका.

घरी पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं चाला, दिवसातून चार-पाच वेळा. दर दोन-तीन दिवसांनी मिनिटं वाढवत चार ते सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. आधी सपाट रस्ता. गोल्फ क्लबचा किंवा कृषीनगरचा ट्रॅक त्यासाठी चांगला आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या आणि सप्तशृंगीचा नवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सहा ते आठ आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. पाण्याची बादली, सिलिंडर, नातू, सगळं यात आलं. उठताना हातांवर जोर देऊन ओढून न घेता कुशीवर वळून पाय खाली सोडा.

बायपास झालेल्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच नमस्कार सांगा, वाईटपणा घ्यायला घरातला एक जण पुढे करा. चूल, फोडणीचा ठसका, उदबत्ती-धूप, डासांची कॉइल हे त्या खोलीत नको. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. पहाटे फिरायला न जाता ऊन आल्यावर निघा आणि नाकावरून मफलर घ्या. शेकोटीशी बसू नका.

जेवण एकदम भरपेट नको. फुगलेलं पोट पडद्याला वर ढकलतं. जखम भरायला आणि श्वासाच्या स्नायूंना प्रथिनं लागतात: डाळी, मटकी, दही, चालत असेल तर अंडं, मासे. पापड, लोणचं, तर्रीदार मिसळ यांतलं मीठ अंगात पाणी धरतं, आणि तेच पाणी पुढे फुप्फुसात उतरतं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी कधी घ्यायच्या, हे पहिल्याच तपासणीत विचारून ठेवा.

खोकला थांबत नाही तेव्हा

कफ नाही, ताप नाही, पण कोरडी ढास काही केल्या जात नाही, रात्री जास्त. अशा वेळी औषधांची यादी बघा. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला येतो. डॉक्टर गोळी बदलून देतात. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, ती हृदयासाठी दिलेली असते. ठोके अनियमित झाले म्हणून अमिओडॅरोन चालू असेल आणि नव्याने खोकला किंवा दम सुरू झाला, तरी डॉक्टरांना सांगा. क्वचित त्या औषधाचा फुप्फुसांवर परिणाम होतो. दमा असलेल्याला बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या) गोळीनंतर छातीत घरघर वाढली, तर तेही लगेच कळवा. मेडिकलमधून खोकल्याचं सिरप आणून हे झाकू नका.

एक वही आणि पाच नोंदी

रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन. मग ताप, नाडी, ऑक्सिजन आणि काल किती मिनिटं चाललो. ऑक्सिमीटर लावताना बोट कोमट असू द्या. नेलपॉलिश आणि गडद मेंदीमुळे आकडा चुकतो. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या.

दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वजन वाढलं तर ते जेवणाचं नसून पाण्याचं असतं. त्याच दिवशी फोन करा. ताप १००.४ च्या वर, बसल्या जागी ऑक्सिजन ९२ च्या खाली (जुन्या दम्याच्या काही रुग्णांना डॉक्टर वेगळा आकडा ठरवून देतात), काल दोन उशांवर झोप लागली आणि आज चार लागतात, जखमेतून पाणी येतंय, खोकताना हाड कटकट वाजतं: हे सगळं त्याच दिवशी सांगायचं. काही आठवड्यांनी पुन्हा ताप येऊन, श्वास घेताना छातीत टोचत असेल आणि दम वाढत असेल, तरीही जा. हृदयाच्या आवरणाला सूज येऊन पुन्हा पाणी होतं आणि त्यावर औषध आहे.

दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही ती लक्षणं अशी: अचानक दम लागणं, छातीत एकदम कळ, थुंकीत लाल रक्त, एका पायाची नवी सूज आणि पोटरीत दुखणं, ओठ निळसर पडणं, धडधडीबरोबर घेरी, ऑक्सिजन ९० च्या खाली, एका वाक्यातही धाप. १०८ ला फोन करा. रुग्णाला बसतं ठेवा, आडवं झोपवू नका. डिस्चार्ज कार्ड, औषधांची पिशवी आणि ती वही बरोबर घ्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेले रुग्ण मी पाहिलेत. तसं करू नका.

बागेत कधी जायचं

हा प्रश्न शेतकरी डिस्चार्जच्या दिवशीच विचारतात, विशेषतः ऑक्टोबर छाटणी तोंडावर असेल तर. हाड चांगलं जुळायला साधारण तीन महिने लागतात. बांधावर उभं राहून देखरेख त्याआधी करता येईल, सर्जनने हो म्हटल्यावर. फवारणी, भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी आणि कांदाचाळीत कांदा चाळणं ही तीन कामं मात्र सगळ्यात शेवटी, आणि तीही शक्य असेल तर दुसऱ्याकडून करून घ्यावीत. गंधकाची भुकटी आणि कांद्याच्या पातीची धूळ सावरत्या फुप्फुसाला सोसत नाही. फडकं बांधलं तरी बारीक कण आत जातात. शेजारच्या प्लॉटमध्ये फवारणीचा ब्लोअर चालू असेल, तर त्या दिवशी वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबू नका.

सुरुवातीला सांगितलेले निफाडचे काका नवव्या दिवशी घरी गेले. नंतर तपासणीला आले तेव्हा खिशातून वही काढली. चालण्याच्या रकान्यात मिनिटं नव्हती, द्राक्षांच्या ओळी मोजल्या होत्या: पहिल्या आठवड्यात दोन, मग पाच, मग अकरा. एका पानावर काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, "आज शेजारी धुरळणी, फिरणे घरातच."